घोडकाठची पांढर : इनामगावची नऊशे वर्षं

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याचा इतिहास म्हटलं की आपण कसब्यापासून सुरुवात करतो, लाल महालाकडे वळतो आणि शनिवारवाड्यापाशी येऊन थांबतो. जिल्ह्याचा म्हटलं तर शिवनेरी, सिंहगड, पुरंदर. ही नावं मोठी आहेतच. पण या सगळ्यांच्या किमान दोन हजार वर्षं आधी याच जिल्ह्यात शेतकऱ्यांचं एक गाव नांदून गेलं, आणि एकदोन पिढ्या नव्हे, तर सुमारे नऊशे वर्षं नांदलं. तिथल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही. पण त्यांच्या चुली कुठे होत्या, धान्य कशात साठवायचे, लेकरू गेलं तर त्याला कुठे ठेवायचे, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. आज मी त्या गावाबद्दल बोलणार आहे.

गाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं इनामगाव. पुण्याच्या पूर्वेला साधारण ऐंशी किलोमीटरवर, घोड नदीच्या उजव्या तीरावर. आजच्या गावाच्या शिवारात जुन्या वस्तीची पाच टेकाडं आहेत. आपल्याकडे शेतजमिनीला काळी आणि वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या कुडाच्या भिंती पडत राहतात, राख साठते, सारवणाचे थर एकावर एक चढतात, आणि जमीन उंच आणि फिकट होत जाते. गावातल्या जुन्या माणसांना अशी पांढर लांबूनही ओळखू येते. पुरातत्त्व शिकवणाऱ्यांनी ही नजर त्यांच्याकडूनच घेतली, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.

आधी नदी समजून घेऊ, कारण तिच्याशिवाय या गावाचं काहीच कळत नाही. घोड भीमाशंकरच्या डोंगररांगेत उगम पावते. तिथे पाऊस हजारो मिलिमीटर पडतो. तीच नदी आंबेगाव ओलांडून, मीना आणि कुकडीचं पाणी घेऊन शिरूरच्या रानात येते, तेव्हा तिथला पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास उरलेला असतो, आणि तोही बेभरवशाचा. म्हणजे पाऊस पडतो सह्याद्रीवर आणि त्याचं पाणी वाहतं अवर्षणाच्या मुलखातून. अशा काठावर राहणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून पुराचा लोंढा जातो आणि दोन महिन्यांनी त्याच्याच शेतातली ज्वारी सुकायला लागते. आज चिंचणीचं घोड धरण, कालवे, उसाचे फड यांमुळे त्या भागाचं रूप पालटलं आहे. पण न्हावऱ्याकडून एखाद्या कोरड्या वर्षी, मार्च महिन्यात त्या रस्त्याने जा. कालवा नसता तर इथे काय असतं, ते दोन्ही बाजूंच्या माळांकडे बघून कळतं.

अशा जागी इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमाराला माणसं येऊन राहिली. त्यांच्याकडे लोखंड नव्हतं. तांबं होतं, पण फार थोडं. रोजची कामं गारगोटीच्या जातीच्या दगडातून काढलेल्या बारीक पात्यांनी व्हायची. या काळाला आपण ताम्रपाषाण युग म्हणतो. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे बारा हंगाम उत्खनन केलं. प्रा. हसमुख सांकलिया, प्रा. म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांचं हे काम. त्याआधी संगमनेर तालुक्यात प्रवराकाठी जोर्वे इथे, १९५०-५१ मध्ये, या संस्कृतीची ओळख पटली होती, म्हणून तिला जोर्वे संस्कृती म्हणतात. तिचं भांडं एकदा हातात घेतलं की विसरत नाही. तांबूस-नारिंगी, वर काळ्या रेघांची नक्षी, आणि इतकं चांगलं भाजलेलं की टिचकी मारली तर खणकन वाजतं.

पण इनामगावला भांडी शोधायला कोणी गेलं नव्हतं. तोवरची बरीच उत्खननं खोल खड्ड्यांची असत. एक खड्डा घ्यायचा, तळापर्यंत जायचं आणि थर मोजायचे. त्यातून काळाचा क्रम कळतो, पण गाव कळत नाही. सांकलिया आणि ढवळीकरांनी इथे आडवं, पसरट खोदकाम केलं, घरामागून घर उघडं केलं. सव्वाशेहून जास्त घरं अशी बाहेर आली. माती पाण्यात धुऊन जळके दाणे वेगळे काढले. जनावरांची हाडं तपासायला वेगळे तज्ज्ञ, माणसांची हाडं तपासायला वेगळे. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाक्स यांनी तिथल्या माणसांच्या सांगाड्यांचा आणि दातांचा केलेला अभ्यास आजही वाचला जातो. भारतात एका साध्या खेड्यासाठी एवढी मेहनत क्वचितच कोणी घेतली असेल. ती पुण्यातून घेतली गेली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तर काय दिसलं? इसवी सनापूर्वी १४०० ते १००० हा गावाचा भरभराटीचा काळ. चौकोनी, लांबट घरं, कुडाच्या भिंती, रांगेत बांधलेली, मध्ये येण्याजाण्याला जागा. घरात चूल, अंगणात धान्य भाजायचा खड्डा. मुख्य पीक जव. सोबत गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, तीळ. बोरं, आवळे, जांभळं खाल्ल्याच्या खुणा. गाई-बैल, शेळ्या, मेंढ्या, म्हशी. नदीतले मासे आणि कासवं, रानातली हरणं. एका मडक्यावर तर बैलगाडीच रंगवलेली आहे. गावाच्या पश्चिम कडेला कारागीर राहायचे. कुंभार, मणी घडवणारे, चुना भाजणारे, सोन्याचं काम करणारे. शंखाच्या वस्तू मिळाल्या, म्हणजे समुद्राकडून इथवर माल येत होता. एका घराच्या जमिनीखाली मातीच्या झाकणाच्या पेटीत एक देवी सापडली, बिनडोक्याची, आणि सोबत एक बैल. देवीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक, काडी घातली की ती बैलावर बसते.

आता मला दोन गोष्टींपाशी जरा थांबायचं आहे. पहिली पाण्याची. वस्तीच्या पश्चिमेला दगडमातीचा एक बांध सापडला, सुमारे २४० मीटर लांब. त्याच्या जोडीला एक पाट, चार मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल. हा पाट कशाने खोदला असेल, याचा विचार करा. फावडं नाही, पहार नाही, टिकाव नाही. लाकडी काठ्या, दगड, टोपल्या आणि माणसांच्या पाठी. हे एका कुटुंबाचं काम नाही. पुराचं पाणी अडवून वळवायचं, वस्ती वाचवायची आणि तेच पाणी रब्बीच्या पिकाला द्यायचं, हे गावाने एकत्र बसून ठरवल्याशिवाय होत नाही. कोणाच्या शेतातून पाट जाईल, पाणी आधी कोणी घ्यायचं, पहिल्या पावसाआधी गाळ कोणी काढायचा. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला हे प्रश्न आजही नवीन नाहीत.

दुसरी गोष्ट धान्याची. वस्तीच्या मधोमध एक पाच खोल्यांचं घर होतं, बाकीच्यांपेक्षा कितीतरी मोठं, आणि त्याला लागून कोठार. जमिनीत पेवं, आणि कणग्या ठेवायला मातीचे गोल ओटे. एवढं धान्य एका घराच्या खाण्याचं नव्हे. ढवळीकरांचं मत असं की हे गावप्रमुखाचं घर, आणि लोक त्याच्याकडे कराच्या रूपाने धान्य जमा करत. असेलही. पण पाट आणि कोठार दोन्ही एकत्र पाहिले की मला तिथे सत्तेपेक्षा तजवीज जास्त दिसते. पाच वर्षांतली दोन कोरडी जाणार हे ठाऊक असलेल्या लोकांनी पाण्याचा आणि दाण्याचा मेळ घातला होता. ज्याच्या हाती कोठाराची किल्ली तो मोठा, हे ओघाने आलंच.

त्या मोठेपणाची खूण त्याच घराच्या अंगणात पुरलेली सापडली. चार पायांचा, न भाजलेल्या मातीचा, पोट फुगीर असलेला एक रांजण, आणि त्यात मांडी घालून बसवलेला चाळिशीतला पुरुष. हे दफन वेगळं का, हे कळायला बाकीची दफनं पाहावी लागतात. इनामगावला अडीचशेहून जास्त मिळाली आणि त्यांत लहान मुलं फार. मूल गेलं की दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना जोडून त्यांत त्याला ठेवायचे आणि घराच्या जमिनीखाली आडवं पुरायचे. जवळ एखादं तोटीचं भांडं, एखादी वाटी. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून उताणं निजवायचे, पण पुरण्याआधी घोट्याखाली त्याची पावलं तोडायचे. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, किंवा भूत होऊन भटकू नये, म्हणून हे केलं असावं असं अभ्यासक म्हणतात. रांजणातल्या त्या माणसाची पावलं मात्र शाबूत होती.

मुलांच्या दफनांबद्दल बोलताना मला दरवेळी आवंढा गिळावा लागतो. स्वयंपाक करायचा, निजायचं, पुढचं मूल खेळवायचं, ते सगळं त्याच जमिनीवर, जिच्याखाली आधीचं मूल आहे. घर मोडलं की त्याच जागी पुन्हा घर. इनामगावच्या लोकांचा आपल्या जागेशी असलेला संबंध समजायचा असेल तर या मडक्यांपासून सुरुवात करावी लागते.

इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला सगळंच बदललं. गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यातली गावं एकेक करून उठली. श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद, नेवासा, ही तर या संस्कृतीची मोठी ठाणी, तीही ओस पडली. इनामगाव उठलं नाही. इथले लोक आणखी तीनशे वर्षं राहिले. पण कसे? चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, एकेका कुटुंबाच्या तीन-चार एका ठिकाणी. ढवळीकरांनी त्या फासेपारध्यांच्या झोपड्यांशी ताडून पाहिल्या होत्या. भांडी ओबडधोबड झाली, नक्षी कमी झाली. शेती रोडावली, शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भर वाढला. पंधरा-वीस पिढ्यांनी पाट आणि कोठारावर उभं केलेलं जगणं हातातून गेलं, तरी माणसांनी पांढर सोडली नाही आणि लेकरांना घरातच पुरणंही सोडलं नाही.

इतिहास सांगताना आपल्याला शेवटाची घाई असते. गाव का उठलं, हाच प्रश्न मला सगळीकडे विचारतात. मला त्या तीनशे वर्षांचा प्रश्न मोठा वाटतो. शेजारपाजारची गावं ओस पडत असताना हे लोक कशाच्या आधारावर टिकले? माझं उत्तर असं, की त्यांनी जगण्याचा थाट उतरवला आणि जागा राखली. बैलांऐवजी शेळी, जवाच्या शेताऐवजी जनावरं आणि रान, मोठ्या घराऐवजी झोपडी. दुष्काळात आपल्या खेड्यांतून हेच होताना अनेकांनी पाहिलं आहे. आधी दुभतं विकतात, मग बैल, आणि जमीन सगळ्यात शेवटी.

या टिकण्याची किंमतही हाडांवर उमटलेली आहे. अमेरिकन अभ्यासक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासा आणि दायमाबादच्या मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला. २०११ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. शेवटच्या टप्प्यातल्या इनामगावच्या मुलांची वाढ खुंटलेली होती, असं त्यांना आढळलं. ढवळीकरांचं म्हणणं होतं की हवामान कोरडं झालं आणि गावाची पडझड सुरू झाली. रॉबिन्स शुग यांनी या साध्या कारणावर शंका घेतली. हा मुलूख आधीपासूनच कोरडा होता, मग जमिनीवर माणसाने टाकलेला ताणही मोजायला नको का, असा त्यांचा रोख. मला दोघांचं म्हणणं परस्परांना तोडणारं वाटत नाही. कोरड्या मुलखात एक जास्तीचं कोरडं दशक आलं आणि त्याआधीच काळी दमलेली असली, तर कोठारात भरायला काही उरत नाही. आणि कोठार रिकामं पडलं की पाटाचा गाळ काढायला माणसं एकत्र येत नाहीत.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचं असेल त्यांनी येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं. मुलांना घेऊन जावं. तिथे जोर्वेची भांडी आणि इनामगावच्या वस्तू आहेत, त्यांच्यासमोर निवांत उभं राहावं. आणि मग एखाद्या रविवारी सिंहगडाऐवजी घोडकाठी जाऊन यावं.

इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला शेवटच्या झोपड्याही मोडल्या. ढवळीकरांच्या मते ही माणसं मेंढरं घेऊन फिरती झाली. मला ते पटतं, कारण शेवटच्या तीनशे वर्षांत त्यांचं जगणं त्याच दिशेने सरकत आलेलं दिसतं. आजही दिवाळीनंतर धनगरांचे वाडे शिरूर-पारनेरच्या माळांवरून कोकणाकडे निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचा आणि इनामगावकरांचा थेट वंशसंबंध जोडण्याचं धाडस मी करणार नाही. पण त्या मुलखात ज्याला एका जागी राहणं जमत नाही त्याने कसं जगायचं, याचा रस्ता तिथल्या पावसाने तेव्हाही ठरवून दिला होता.