दोरी कोणाच्या हातात

सरपंचताई, अंगणवाडीच्या दोघी ताई, मागे भिंतीला टेकलेले भाऊ आणि पुढे सतरंजीवर बसलेल्या मायबहिणींनो,

फळ्यावर विषय लिहिलाय, 'लहान मुलांचा व्यायाम आणि चांगल्या सवयी'. मला अर्धा तास दिला आहे. रिटायर मास्तराला अर्धा तास देणं म्हणजे बैलाला काडीचं कुंपण दाखवण्यासारखं आहे, पण पाहू.

पोळा पंधरा दिवसांवर आलाय, तर तिथूनच सुरू करतो. मागच्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान पोरं लाकडा-मातीचे बैल घेऊन येतात त्या पोळ्याला, एका गावात मला परीक्षक केलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथे माझी सोयरीक आहे. तर रांगेत एक नंदी आला. सागवानी, बापाच्या कमरेइतका उंच, शिंगांना पितळी टोप्या, पाठीवर मखमली झूल. दोरी बापाच्या हातात. मागून काका ढकलून राहिला. आणि ज्याचा पोळा, तो चार वर्षांचा मालक धोतर, फेटा, काळा चष्मा घालून आईच्या कडेवर! हातात पाच रुपयांचा पुडा. मी विचारलं, "काय बाळा, तुझ्या बैलाचं नाव काय?" पोरगं बापाकडे पाहते. बाप म्हणतो, "राजा आहे गुरुजी." म्हटलं, "झडती म्हणतो का?" तर झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, तेसुद्धा बापानंच म्हटलं. पोट्टं एकच वाक्य बोललं, "मले मोबाईल पायजे."

पहिलं बक्षीस त्याला. बाकीचे दोन परीक्षक एका बाजूला, मी एकटा पडलो. आणि बक्षीस काय? प्लास्टिकची खुर्ची! म्हणजे उरलंसुरलं चालणंही बंद.

त्याच रांगेत शेवटी एक पोरगी होती, पाचेक वर्षांची. मातीचा बैल, खाली पाटीचा तुकडा, त्याला सुतळी. मैदानात चिखल. तो बैल सहा वेळा पडला, मी मोजलं. सहाही वेळा तिनं उचलला, फ्रॉकला पुसला, पुन्हा ओढला. बक्षीस नाही. पण संध्याकाळी ती बोजारा, म्हणजे बैल दाखवून मिळणारी ओवाळणी, मागत घरोघर फिरली. आमच्या सोयऱ्यांकडे आली तेव्हा एक शिंग मोडलं होतं, मुठीत चिल्लर होती, आणि अजून अर्धं गाव बाकी आहे म्हणून ती पाणी प्यायलाही थांबेना. आमच्या लहानपणी तरी वेगळं काय होतं? सुतारकाकांनी उरल्या लाकडाचा वीतभर नंदी करून द्यायचा. त्याची चाकं जन्मात सरळ चालली नाहीत. बैल नालीत, आम्ही त्याच्या मागे. बोजाऱ्याच्या लोभानं गाव पालथं घालायचो. त्याला व्यायाम म्हणतात हे नंतर कळलं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पोराच्या वाट्याचं काम आपण मायेपोटी करून टाकतो, आणि मग विचारतो, गुरुजी, पोरगं सुस्त काहून झालं?

मी काही धुतल्या तांदळाचा नाही. माझ्या नातवाला मी रोज गाडीवर बसवून अंगणवाडीत सोडायचो. एक दिवस पेट्रोल संपलं म्हणून पायी नेलं. माझी दोनशे ऐंशी पावलं भरली, त्याची पाचशेच्या वर असतील. वेळ लागला पंचवीस मिनिटं. वाटेत डबकं, एक शेळी, एक चतुर, ग्रामपंचायतीचा ओटा, त्यावरून चार उड्या. मी घड्याळ पाहून चिडलो होतो. खरं म्हणजे त्याची शाळा तिथेच भरली होती.

आता कोणी म्हणेल, हे खेड्यातलं काय घेऊन बसले. अहो, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. तिथली मंडळी १९३६ ला बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी जाऊन आपली कबड्डी दाखवून आली. आपल्या शाळेच्या पटांगणावर मात्र कबड्डी येऊ शकत नाही, तिथे नालीचे सिमेंट पाईप ठेवले आहेत. सरपंचताई, मी तुमच्याकडे पाहून बोलत नाही आहे.

चिठ्ठी आली. "गुरुजी, पाच मिनिटं. बचत गटाची सभा आहे." बरं. म्हणजे फळ्यावरचा विषय आता सुरू.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी हिशेब सांगितला. तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसभरात मिळून तीन तास हालचाल, त्यातला एक तास चांगला दमवणारा. झोप दहा ते तेरा तास, दुपारची धरून. मोबाईल-टीव्ही तासाच्या आत, आणि दोन वर्षांच्या आत अजिबात नाही. पाच वर्षांनंतर रोज सरासरी एक तास दमछाक. त्याला जिम लागत नाही. रेसटीप, लगोरी, बिल्लस, झाडावरची डाबडुबली, झालंच.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुपारी बाहेर काढा असं मी म्हणत नाही. सकाळी आठच्या आत आणि ऊन उतरल्यावर. पाणी मागायची वाट पाहू नका.

खाणं. मोबाईल दाखवून घास भरवता ना, तेव्हा गिळणं सोडून बाकी सगळं आपणच करतो. ताटलीत भाकरीचा तुकडा आणि जवसाची चटणी ठेवा, सांडू द्या. हिवाळ्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा द्या, सोलता सोलता अर्धा तास पोरगं गुंततं. पाच रुपयांचा पुडा दुकानदाराकडेच राहू द्या. आमचा दुकानदार इथेच बसलाय, माफी असावी.

हात साबणानं, जेवणाआधी आणि संडासाहून आल्यावर. आणि आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटा भाऊ देऊन ठेवता, ती बिल्लस कधी खेळणार? यावर खरं तर वेगळं व्याख्यान पाहिजे... हो ताई, आटपतो.

यंदा आपल्या गावच्या तान्ह्या पोळ्याला मी परीक्षक आहे. अटी लिहून घ्या. बैल पोरानं ओढायचा, त्याला झेपेल एवढाच आणायचा. दोरीला बाप दिसला की दहा गुण कमी, काका दिसला की वीस. झडती पोरानं म्हणायची, विसरला तरी चालेल. बक्षीस म्हणून उड्या मारायची दोरी. मागच्या दोन खुर्च्या मंडळाकडे उरल्या आहेत, त्या परीक्षकांना लागतील.