मोनिकाच्या हातातला ससा

(दृश्य: गेमची कॅसेट यंत्रात बसते. टीव्हीचा पडदा उजळतो.)

ही मुलगी नीट पाहा. लाल झगा, पुढे आलेले दात, हातात निळा कापडी ससा. ही मोनिका. मौरिसिओ दि सोझा यांच्या चित्रकथांतून ती ब्राझीलच्या घराघरांत पोचलेली.

हा गेम मुळात मात्र तिचा नव्हताच. तो होता 'वंडर बॉय इन मॉन्स्टर लँड' हा जपानी गेम, आणि नायकाच्या हातात तलवार होती. ब्राझीलच्या टेकटॉय कंपनीने १९९१ साली त्या नायकाला काढलं आणि मोनिकाला आणलं. तलवार गेली, ससा आला. बघा, राक्षसाला कसा सशाने हाणते! चित्रकथेतही ती हेच करते, त्यामुळे पोरांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

(दृश्य: यंत्र हातात घेऊन उलटं केलं जातं.)

ही यंत्रं बनायची मनौसमध्ये, ॲमेझॉनच्या जंगलाने वेढलेल्या शहरात. इतक्या आडबाजूला का? करामुळे. परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर ब्राझीलमध्ये भरमसाट जकात, आणि मनौसला १९६७ पासून करसवलत. टेकटॉय सुरू झाली १९८७ साली. जपानच्या सेगा कंपनीकडून परवाना घेऊन तिने १९८९ मध्ये 'मास्टर सिस्टिम' आणली, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं हे यंत्र. जपान-अमेरिकेत निन्टेंडो या प्रतिस्पर्धी कंपनीपुढे मागे पडलेलं हे यंत्र इथे पुढे कित्येक वर्षं खपत राहिलं. 'फँटसी स्टार'सारखा संवादांनी भरलेला गेम तर टेकटॉयने अख्खा पोर्तुगीजमध्ये आणला. माझ्या मते तिची खरी कमाई ती. नव्वदीच्या शेवटी कंपनी अडचणीत आली, पुढे सावरलीही.

(दृश्य: जाडजूड खोका. झाकण उघडतं. एकेक सीडी बाहेर येते.)

हा खोका पोलंडचा, १९९९ सालचा, 'बाल्डर्स गेट' या गेमचा. वॉर्सातल्या ग्झिबोव्स्का रस्त्यावरच्या बाजारात गेमच्या नकला उघड्यावर विकल्या जायच्या. संगणक प्रणालींना कायद्याचं संरक्षण मिळालं ते १९९४ मध्ये. त्याच वर्षी मार्चिन इव्हिन्स्की आणि मिखाऊ किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी 'सीडी प्रोयेक्ट' ही गेम विकणारी कंपनी काढली.

स्वस्त नकली सीडी हाताशी असताना माणूस अस्सल का घेईल? त्यांनी 'बाल्डर्स गेट' पोलिशमध्ये आणला. नुसतं लिखाण नाही, बोलणंसुद्धा. निवेदनाला प्योत्र फ्रोंचेव्स्की, पोलंडचे नावाजलेले नट. पाच सीड्या आणि आपल्या भाषेत बोलणारी पात्रं. लोकांनी पैसे मोजले. त्याच घरातून २००७ मध्ये स्वतःचा गेम 'द विचर' निघाला, आणि २०११ मध्ये पंतप्रधान तुस्क यांनी त्याचा दुसरा भाग ओबामांना भेट दिला. २०२० मध्ये त्यांचाच 'सायबरपंक' हा गेम कच्चाच बाजारात आला आणि ग्राहकांचे पैसे परत करावे लागले.

(दृश्य: दगडी जाळ्या, झरोके, तळ्यातली कमळं. त्रिशूळ घेतलेली मुलगी.)

आणि हे आपल्या पुण्यातलं काम. 'राजी' नावाचा गेम, नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा; ही मुलगीच राजी. २०२० मध्ये ती आली तेव्हा इंग्रजी बोलत होती. २०२२ च्या नव्या आवृत्तीत ती हिंदी बोलायला लागली. पुण्यात घडलेल्या गेममध्ये मराठी कधी ऐकू येईल, याची मी वाट बघतोय.

आता मी थांबतो. आवाज वाढवा, राजी बोलतेय.