किकुचियोच्या डोक्यातून वाफ निघते

(सुरुवातीला निवेदन नाही. काळापांढरा पाऊस, चिखल, घोडे. पाच सेकंद.)

हा पाऊस फेब्रुवारीतला आहे. १९५४ चा फेब्रुवारी. खरं तर 'सेव्हन सामुराई' या जपानी पिक्चरमधला हा शेवटच्या लढाईचा सीन उन्हाळा सरता सरता उरकायचा ठरला होता, पण शूटिंग लांबत गेलं, मध्ये स्टुडिओने दोनदा कामच थांबवलं, आणि काम थांबलं की दिग्दर्शक अकिरा कुरोसावा काय करायचा, तर गपचूप मासे धरायला जायचा. भांडण नाही, विनवण्या नाहीत. त्याला माहीत होतं की एवढे पैसे अडकल्यावर तोहो स्टुडिओ पिक्चर सोडून देणं शक्य नाही. झालंही तसंच. फक्त तोपर्यंत थंडी पडली होती, त्यामुळे या फ्रेममध्ये जे कुडकुडताना दिसतायत ते खरोखर कुडकुडतायत. हा उघड्या पायांचा माणूस बघा, तोशिरो मिफुने. पिक्चरमधलं नाव किकुचियो. हे पाय लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहेत.

(कट. रंगीत. लोखंडी डोकं, त्यातून फुस्सकन वाफ.)

आणि हा पण किकुचियोच. पन्नास वर्षांनंतरचा.

याला पाय आहेत पण लोखंडाचे, चेहरा म्हणजे शिरस्त्राण, राग आला की डोक्याच्या बाजूने इंजिनासारखी वाफ सोडतो, आणि हातातली तलवार इतकी मोठी की तिला तलवार म्हणायचं की करवत हे मला अजून कळलेलं नाही. २००४ ची सामुराई सेव्हन, त्याच पिक्चरवरून केलेली, गोन्झो नावाच्या स्टुडिओची २६ भागांची ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीज. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझी रिॲक्शन पण तुमच्यासारखीच होती, की अरे काय हे, कुरोसावाच्या पिक्चरमध्ये रोबो? आज हा व्हिडिओ करतोय कारण माझं मत शंभर टक्के फिरलं, आणि ते फिरलं या वाफवाल्यामुळे.

(सेव्हन सामुराई, टेकडीवरून दिसणारं गाव.)

गोष्ट थोडक्यात. सोळावं शतक, जपान, एक गरीब गाव. पीक तयार झालं की चाळीस डाकू येऊन लुटणार हे गावाला कळलंय. मग गावकरी शहरात जाऊन सामुराई शोधतात, पगार काय, तर पोटभर भात. स्वतः मात्र हलकं धान्य खाऊन दिवस काढणार. सातजण तयार होतात. बास, एवढीच गोष्ट, आणि यावर २०७ मिनिटं. आत्ता तुम्हाला शोले आठवत असेल तर तो बरोबरच आठवतोय.

(आमच्या टेबलावर पसरलेली प्रिंटआउट्स, सात चेहरे, वरून शॉट.)

आता हे सातजण कागदावर कसे आले ते ऐका, कारण मला सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. कुरोसावा, शिनोबू हाशिमोतो आणि हिदेओ ओगुनी हे तिघं लेखक आतामीमधल्या एका सराईत जाऊन बसले आणि साधारण सहा आठवडे लिहीत होते. मूळ आयडिया ही नव्हतीच. आधी त्यांना एका सामुराईचा एकच दिवस दाखवायचा होता, सकाळी उठल्यापासून ते संध्याकाळी पोट चिरून मरेपर्यंत. पण त्या काळातले सामुराई दुपारचं जेवण घ्यायचे का, घेतलं तर काय, याची खात्रीशीर माहिती मिळेना, आणि खात्री नाही म्हणून अख्खी कल्पना सोडून दिली. जेवणावरून पिक्चर सोडला! आणि जो केला तो पुन्हा जेवणाचाच, भाताचा.

तर पहिल्या खर्ड्यात सामुराई किती होते? सहा. सहाही जण शहाणे, शांत, शिस्तीचे. लिहिता लिहिता यांच्या लक्षात आलं की हे बोअर होतंय, यात एक तरी अर्धवट, आरडाओरडा करणारा, आपल्यातला वाटणारा माणूस पाहिजे. मिफुने तोपर्यंत क्यूझो करणार होता, म्हणजे तो कमी बोलणारा, तलवारीत सगळ्यांचा बाप असलेला. त्याला तिथून उचलून या नवीन सातव्या माणसात टाकलं, आणि क्यूझो आला सेइजी मियागुचीकडे. या मियागुचीने त्याआधी तलवारीला हातसुद्धा लावला नव्हता. आता हा द्वंद्वयुद्धाचा शॉट बघा आणि सांगा वाटतंय का.

(क्लिप. आवाज त्यांचाच ठेवायचा.)

म्हणजे किकुचियो हा नंतर घुसवलेला माणूस आहे. गोष्टीत पण तो तसाच येतो, न बोलावता, मागे मागे चालत. खांद्यावर लांबलचक तलवार, हातात वंशावळीची गुंडाळी, की बघा मी खानदानी सामुराई. कांबेइ, म्हणजे त्यांचा म्होरक्या, ती गुंडाळी वाचतो आणि हसत सुटतो, कारण त्यात लिहिलेल्या किकुचियोचं वय निघतं तेरा. कुठून तरी ढापलेली आहे. आणि मग मध्यावर त्याचं ते प्रसिद्ध भाषण येतं, शेतकरी कसे लबाड, कसे धान्य लपवतात, कसे जखमी सामुराईंना मारून त्यांची चिलखतं काढून घेतात, आणि लगेच पुढच्या श्वासात, की पण त्यांना असं केलं कोणी, तुम्हीच केलंत, तुम्ही सामुराईंनी. त्या खोलीत कोणीच काही बोलत नाही. हा शेतकऱ्याचा पोरगा आहे हे तिथे सगळ्यांना कळतं.

(झेंडा, जवळून.)

सातातल्याच हेइहाचीने शिवलेला झेंडा. सहा गोल म्हणजे सहा सामुराई, खाली 'ता' अक्षर म्हणजे गाव, शेत. आणि मध्ये एक त्रिकोण, तो किकुचियो. ना गोल, ना अक्षर.

(ॲनिमे, आकाशातलं युद्ध, जहाजं.)

आता गोन्झोने काय केलं. या जगात आधी एक महायुद्ध होऊन गेलंय, आणि त्या युद्धात ताकद वाढवायची म्हणून सामुराईंनी आपली शरीरं मशीनला जोडून घेतली. काही जण तर डोंगराएवढे झाले. मग युद्ध संपलं. आता डोंगराएवढ्या माणसाला शांततेच्या काळात नोकरी कोण देणार? राज्य गेलं व्यापाऱ्यांच्या हातात आणि हे लोखंडी सामुराई झाले डाकू. त्यांना म्हणतात नोबुसेरी. हा शब्द गोन्झोने शोधलेला नाहीये हं, ओरिजिनल पिक्चरमधले गावकरी पण डाकूंना नोबुसेरीच म्हणतात. शब्द तोच ठेवला, आतला माणूस फक्त बदलला. मला हे फार भारी वाटतं, कारण कुरोसावाच्या पिक्चरमध्ये डाकूंना चेहराच नाही जवळजवळ, ते कोण, कुठून आले, काही नाही. इथे डाकू म्हणजे हेच सातजण, फक्त एक पायरी पुढे गेलेले.

आणि किकुचियो? तो जन्माने शेतकरी. सामुराई व्हायचंय म्हणून त्याने स्वतःचं शरीर देऊन टाकलं आणि लोखंडाचं घेतलं. पिक्चरमधल्याने गुंडाळी ढापली होती, याने अंगच बदललं. तरी लोक त्याला सामुराई मानत नाहीत ते नाहीतच. गुंडाळी इथेही आहे, आणि ती शेवटी कोमाची नावाच्या चिमुरडीकडे जाते, तिचा आणि याचा एक वेगळाच धागा आहे, तो तुम्ही स्वतः बघा.

लोक म्हणतात साय-फाय केलं म्हणजे मुलांसाठी खेळणी घातली. मला विचाराल तर मूळ पिक्चरमध्ये साय-फाय आधीच आहे. हसू नका, हा शॉट बघा.

(तोड्याची बंदूक. धूर. क्यूझो पडतो.)

डाकूंकडे तीन बंदुका आहेत. फक्त तीन. तोड्याच्या बंदुका, ज्या जपानमध्ये पोहोचल्या १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर, हो तेच, ज्यांनी १५१० मध्ये आपलं गोवा घेतलं होतं. पिक्चरचा काळ त्यानंतर चाळीसेक वर्षांचा, म्हणजे बंदूक ही त्या जगातली नवी टेक्नॉलॉजी. आणि सातातले चार मरतात ते चौघंही गोळीने. तलवारीने एकही नाही! आयुष्यभर घासलेली कला, आणि लांबून कोणीतरी बोट दाबलं की खलास. गोन्झोने हीच तीन बंदुकांची गोष्ट घेऊन तिचं अख्खं जग केलं, एवढंच माझं म्हणणं आहे. क्यूझोचं मरण तर त्यांनी आणखी कडू केलंय, सिरीजमध्ये तो गोळीनेच मरतो पण गोळी झाडणारा असतो कात्सुशिरो, आपलाच, सगळ्यात लहान, घाईत उचललेली बंदूक आणि चुकलेला नेम. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सॉरी, पण वीस वर्षं झाली आता.

(ड्रॉइंग टॅबलेट, माझ्या मित्राचा हात, रेघ मारताना.)

हा माझा मित्र, ॲनिमेशनमध्येच काम करतो, चेहरा दाखवू नको म्हणाला म्हणून फक्त हात. त्याला म्हटलं हे कसं करतात ते दाखव. तर बघा, हा मोठा नोबुसेरी कॉम्प्युटरमध्ये थ्रीडी बनवलेला असतो, फिरवा कसाही. त्याच्यासमोर उडी मारणारा कांबेइ मात्र हाताने काढलेला, एकेक चित्र. दोन्ही एकाच फ्रेममध्ये बसवायचे तर मशीनच्या कडेला पण हाताची वाटेल अशी रेघ द्यावी लागते, सावली एकाच बाजूने पाडावी लागते, नाहीतर मशीन वेगळं तरंगतं. आता पॉज केलं बघा... इथे तरंगतंय. डाव्या पायाखाली सावलीच नाही. काही ठिकाणी सुटलंय त्यांच्याकडून, मी काही आंधळा फॅन नाहीये. पण आता पुढचाच शॉट, कांबेइ त्याच्या हातावरून धावत वर जातो आणि रेघ कुठे संपते, मॉडेल कुठे सुरू होतं, कळत नाही. माझा मित्र हा शॉट सहा वेळा मागे घेऊन बघत बसला आणि शेवटी म्हणाला, पैसा ओतलाय रे.

ओतलाच होता. एका भागाला साधारण ३ कोटी २५ लाख येन, त्या काळच्या टीव्ही ॲनिमेच्या मानाने भरपूर. दिग्दर्शक तोशिफुमी ताकिझावा, मशीनची डिझाइन्स माकोतो कोबायाशी, ज्याच्या मशीन नव्या कोऱ्या कधी दिसत नाहीत, गंजलेल्या, भंगारातून जोडल्यासारख्या दिसतात. १२ जून २००४ ला पहिला भाग लागला, मूळ पिक्चरला तेव्हा बरोबर पन्नास वर्षं होत होती. कुरोसावा १९९८ मध्येच गेला होता.

(शहर, कोगाक्यो, मजल्यांवर मजले. ताइकोचा आवाज वाढतो.)

हे ढोल ऐका. संगीतात काओरू वादाबरोबर एइतेत्सू हायाशी आहे, ताइको म्हणजे हे जपानी ढोल वाजवणारा मोठा माणूस. मशीनच्या सीनला इलेक्ट्रॉनिक आवाज टाकणं सोपं होतं, इथे चामडं वाजतंय. शेवटच्या श्रेयनामावलीचं गाणं पण रिन या ग्रुपचं, त्यात कोतो, शामिसेन, शाकुहाची अशी जुनीच वाद्यं.

बाकीच्या सहाजणांत पण बरेच बदल आहेत. पिक्चरमधला कांबेइ पहिल्याच सीनमध्ये डोकं भादरतो, भिक्षूचं सोंग घेऊन मुलाला सोडवतो आणि मग पिक्चरभर त्या टकलावरून हात फिरवत बसतो. सिरीजमधल्याचे केस लांब, दाढी, आणि डोळ्यात कायमची हरलेल्या माणसाची झोप. शिचिरोजीला एका हाताच्या जागी यंत्राचा हात. हेइहाची झालाय इंजिनियर आणि भाताचा वेडा. किरारा नावाची पाण्याची पुजारीण नवीन आहे, लोलक धरून माणसं शोधत फिरते. तेरा-चौदा भागांनंतर गोष्ट गावातून निघून राजधानी, सम्राट, त्याचा क्लोन अशी कुठल्या कुठे जाते, तिथे ती थोडी सैल पडते हे मान्य. २०७ मिनिटांचे दहा तास केले की एवढं व्हायचंच.

नंतर सिरीज अमेरिकेत गेली, २००६ मध्ये टीव्हीवर लागली. गोन्झो पुढे तोट्यात गेलं आणि २००९ मध्ये कंपनी टोकियो शेअर बाजाराच्या यादीतून बाहेर पडली. असो.

(भाताची लावणी, पिक्चरचा शेवट. गाणं चालू द्यायचं.)

गाव वाचलं. लावणी चालूय, ढोलकं, बासरी, बाया ओळीने मागे मागे सरकत रोपं लावतायत. आपल्याकडे मावळात, कोकणात भलरी म्हणतात ना, तोच ताल, अंग आपोआप वाकतं. मागे टेकडीवर चार ढिगारे आणि त्यात खोचलेल्या तलवारी. उरलेले तिघं उभे. कांबेइ म्हणतो की आपण परत हरलो, जिंकले ते शेतकरी. ते तिघं कोण उरतात? कांबेइ, शिचिरोजी, कात्सुशिरो. आणि सिरीजमध्ये? कांबेइ, शिचिरोजी, कात्सुशिरो. एवढं सगळं जग उलटंपालटं केलं, पण या हिशोबाला हात लावला नाही.

आता शेवटचे दोन शॉट, एकामागे एक.

(ॲनिमे.)

राजधानी म्हणजे एक अवाढव्य उडतं जहाज, ते पडतंय, आणि पडून घसरत घसरत थेट कान्नाकडे, म्हणजे सिरीजमधल्या त्याच गावाकडे येतंय. मध्ये एकटा किकुचियो. ती करवतीसारखी तलवार आडवी धरून. त्याचं ते विकत घेतलेलं अंग एकेक करून निखळतंय. गाव मागे आहे, शेतं मागे आहेत, ज्या शेतकरीपणापासून पळून त्याने हे अंग घेतलं तेच मागे आहे.

(पिक्चर. पाऊस.)

आणि हा मिफुने. पोटात गोळी बसलीय, तरी बंदूकवाल्याला भोसकलंय आणि मग पुलावर पालथा पडलाय. चिलखत वर सरकलंय. पाय उघडे. पाऊस पडतोय आणि पायांवरचा चिखल हळूहळू धुऊन निघतोय.

(इथून निवेदन नाही. शॉट पूर्ण चालवायचा.)