ज्याला इफेक्ट, त्याला साइड इफेक्ट

(सांगलीत विश्रामबागेतल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

‘योगाला काही साइड इफेक्ट नसतो.’ इथल्या आमराई बागेत सकाळी एक चक्कर मारली तरी हे वाक्य दोनदा कानावर पडतं. मला ते पटत नाही. ज्याला साइड इफेक्टच नाही, त्याला इफेक्ट तरी कुठून असणार? आसनानं रक्तदाब हलतो, मणक्यावरचा भार बदलतो, डोळ्यातला दाब वाढतो. फायदा होतो तो असे बदल होतात म्हणूनच. मग ज्याचा दाब आधीच वर आहे, त्याला तेच आसन शेजाऱ्याइतकं मानवेल कसं?

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. हठप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात प्राणायामाबद्दल स्पष्ट इशारा आहे: सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करायचे, तसाच श्वासही, घाई केलीत तर तो साधकालाच मारतो. आणि आपण? मिनिटाला कुणाचे झटके जास्त यावर कपालभातीची, म्हणजे पोटाला झटके देत श्वास बाहेर टाकायची, पैज लावतो. बीपी आटोक्यात नाही, हृदयाचा त्रास आहे, हर्निया आहे, फिट येतात, पोटाचं ऑपरेशन नुकतं झालंय, घरातली सून गरोदर आहे, यांपैकी कुणीही कपालभाती करायची नाही. जोरजोरात कपालभाती करताना फुप्फुसातून हवा फुटून छातीत शिरल्याची नोंदही वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आलेली आहे. अशी घटना विरळाच, पण घडलेली आहे.

आता सगळ्यांनी एक हात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. बोट थोडं खाली सरकवा. एक टणक गोटी लागली? पोटरीच्या बाहेरच्या हाडाचं ते वरचं टोक. त्याच्या जरा खाली, हाडाला वळसा घालून एक नस जाते. तिच्यावर मांस-चरबी अगदी थोडी. कातडी आणि लगेच नस. पाऊल वर उचलायचं काम तिचं. वज्रासनात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर, किंवा उकिडवं बसून राहिलं की ती दबते. भांगलणीला दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बायकांना हा त्रास होतो आणि तासन्‌तास वज्रासनात बसणाऱ्यांनाही. आधी मुंग्या येतात. तरी रेटलं तर पाऊल लटकं पडतं, चालताना चप्पल निसटते, अंगठा उंबऱ्याला अडतो. बहुतेकांचं पुढे भरून येतं, पण त्यात कधी कधी महिनेच्या महिने जातात.

‘जेवल्यावर चालतं ते एकच आसन’ म्हणून वज्रासनाचा मोठा लौकिक आहे. करा की! पाच मिनिटं बसा, टाचा आणि मांड्यांच्या मध्ये उशी घ्या. मुंग्या आल्या की उठायचं. ‘सवय होते हळूहळू’ म्हणून बसून राहायचं नाही. नसेला दबायची सवय होत नसते. टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत वज्रासन, हा तर प्रकारच बंद करा.

आता हाडांचं बोलू. इथल्या निम्म्याहून जास्त बायकांची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असतील. हाडं ठिसूळ झालेली असतात आणि बऱ्याच जणींना त्याचा पत्ता नसतो, कारण ठिसूळ हाड मोडेपर्यंत दुखत नाही. अशा बाईनं पाय लांब करून, कंबर गोल करून अंगठे धरायला ओढ घेतली की मणक्याच्या पुढच्या कडेवर भार येतो. तिथंच मणका चेपतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयानं १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ झालेल्या ५९ बायका होत्या त्यात. पुढे वाकायचे व्यायाम केलेल्या गटात ८९ टक्के जणींचे मणके नव्यानं चेपलेले निघाले. पाठ मागे ताणायचे व्यायाम केलेल्या गटात १६ टक्के. गट लहान होते, हे खरं. पण मी माझ्या आईला हे अंगठे धरायचं पश्चिमोत्तानासन करू देत नाही. तिला पालथं झोपून, बेंबी जमिनीला टेकलेली ठेवून, हातांवर जोर न देता छाती जेमतेम उचलायला सांगते. फोटोत ते भुजंगासन म्हणून ओळखूही येणार नाही.

आणि एक. काही वर्गांत पुढे वाकलेल्याच्या पाठीवर शिक्षक हातानं दाब देतात. कुणी कुणी तर रेलतातसुद्धा. ‘सर, नको’ म्हणायला लाजू नका. पाठ तुमची आहे.

सूर्यनमस्काराचं तर आपल्याकडे वेगळंच प्रेम. औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांनी तो संस्थानातल्या शाळाशाळांत नेला आणि आपल्या जिल्ह्यातली आटपाडी, कुंडल त्याच संस्थानात होती. त्यामुळे रथसप्तमीला १०८ घालायचे म्हटलं की सत्तरीचे अण्णाही बाह्या सरसावतात. पण मोजा जरा. एका नमस्कारात डोकं छातीच्या खाली किती वेळा जातं? वाकून हात टेकताना, पर्वतासनात कंबर वर उचलताना, परत येताना पुन्हा तेच. काचबिंदू असणाऱ्याला शीर्षासन नको, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. शीर्षासनात डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो. पण नुसतं पुढे वाकून उभं राहिलं, पर्वतासन केलं, भिंतीला पाय लावून पडलं, तरी तो वाढतोच. काचबिंदूचे थेंब घालणाऱ्यांनी, मधुमेहानं पडदा खराब झालेल्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारायचं आणि विचारताना आसनाचं नाव सांगत बसायचं नाही. ‘डोकं खाली जाईल अशा स्थितीत इतका वेळ राहिलं तर चालेल का?’ असं विचारायचं. उत्तर नीट मिळतं.

शुगरवाल्यांसाठी थोडक्यात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी तासभर व्यायाम करायचा नाही. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली की शवासनात पडू नका, साखर खा. खिशात दोन-चार गोळ्या लिमलेटच्या ठेवा. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी शवासनातून ताडकन उठायचं नाही. कुशीवर वळा, बसा, श्वास दोन-चारदा घ्या, मग उभे राहा. आणि योगा सुरू केला म्हणून गोळी परस्पर बंद करायची नाही.

नेतीबद्दल, म्हणजे पाण्यानं नाक धुण्याबद्दल, चिठ्ठी आलीय. पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. ‘नळाचं स्वच्छ असतं की’ म्हणू नका. अमेरिकेत २०११ साली नळाच्या पाण्यानं नेती करून दोघांचा जीव गेला. पाण्यातला अमिबा नाकातून मेंदूत शिरला होता. तेच पाणी प्यायलं असतं तर काही झालं नसतं.

दुसरी चिठ्ठी: ‘गुडघा बदललाय, वर्गात सगळे खाली बसतात, मी काय करू?’ खुर्ची घ्या, काकू. पद्मासन, वज्रासन नाही. मांडी घालायची की नाही, गुडघे टेकून वजन द्यायचं की नाही, हे तुमच्या सर्जनना विचारा. प्रत्येकाचा सांधा आणि ऑपरेशनची तऱ्हा वेगळी असते. भिंतीला पाठ लावून ताडासन करा, खुर्चीत बसून खांदे फिरवा, घोटे वर-खाली करा. मान हलवताना गरागरा फिरवायची नाही. डावीकडे, मधे, उजवीकडे, मधे. खुर्ची चाकाची नको, प्लास्टिकची हलकीही नको. घरातली जुनी लाकडी असेल तर तीच बरी, आणि मागचे पाय भिंतीला टेकवून ठेवा.