ड्यूकचा घोडा

मंडळी, कोपनहेगन हे शहराचं नाव एका घोड्याला कसं मिळालं, इथून सुरुवात करू. 1807 साली इंग्रजांनी डेन्मार्कच्या या राजधानीला वेढा घातला. त्या स्वारीत लेडी कॅथरीन नावाची घोडी होती, आणि ती गाभण होती असं सांगतात. 1808 मध्ये तिला शिंगरू झालं, त्याला त्या मोहिमेचं नाव मिळालं. रक्त शर्यतीच्या घोड्यांचं, प्रसिद्ध 'एक्लिप्स'च्या वंशातलं. पण शर्यतीच्या मैदानावर त्यानं फारसं नाव काढलं नाही. मग तो फौजेबरोबर स्पेन-पोर्तुगालकडे गेला आणि 1813 मध्ये इंग्रज सेनापती वेलिंग्टननं, म्हणजे पुढे ड्यूक झालेल्या वेलिंग्टननं, त्याला विकत घेतलं.

18 जून 1815, नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई. पहाटे ड्यूकनं मांड ठोकली ती जवळजवळ दिवसभर सोडली नाही. फौजेची रांग जिथे डळमळेल तिथे तो हजर! सोबतचे अधिकारी एकेक करून पडत होते. अक्सब्रिजचा पाय गेला, सॉमरसेटचा उजवा हात गेला, गॉर्डन आणि डी लॅन्सी प्राणाला मुकले. घोडा आणि स्वार मात्र शाबूत. रात्री उशिरा ड्यूक खाली उतरला आणि शाबासकी म्हणून त्यानं घोड्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. घोड्यानं उत्तरादाखल सणसणीत लाथ झाडली! थोडक्यात चुकली, नाहीतर नेपोलियनला जमलं नाही ते या जनावरानं केलं असतं. मला हा प्रसंग फार आवडतो. एवढ्या रपेटीनंतरही त्याच्या अंगात तेवढी रग शिल्लक होती. ड्यूकही म्हणायचा, याच्याहून वेगवान आणि देखणे घोडे असतील, पण दमाला याची बरोबरी करणारा पाहिला नाही.

पुढे तो ड्यूकच्या स्ट्रॅटफील्ड से इथल्या इस्टेटीवर निवांत राहिला. बायका त्याच्या केसांची कडी करून मिरवत. 1836 मध्ये तो गेला, तेव्हा त्याला लष्करी इतमामानं पुरलं. त्या वेळी लक्षात आलं की एक खूर कुणीतरी कापून नेलाय. ड्यूक संतापला. पुढे तो खूर त्याच्या मुलाच्या हाती आला आणि त्याची चक्क दौत झाली.

नेपोलियनचा म्हणून गाजलेल्या 'मारेंगो' या घोड्याचंही तेच. त्याच्या खुराची तपकिरीची डबी केली, सांगाडा लंडनच्या लष्करी संग्रहालयात उभा केला. गंमत अशी की नेपोलियनच्या पागेच्या नोंदींत 'मारेंगो' हे नावच सापडत नाही. तो नक्की कुणाचा घोडा, हा वाद अजून मिटलेला नाही. कोपनहेगनचाही सांगाडा शेजारी ठेवावा म्हणून मागणी आली होती. ड्यूकनं साफ नकार दिला, आणि योग्यच केलं.

पुतळ्याचा मोह मात्र लोकांना आवरला नाही. 1846 मध्ये लंडनच्या कमानीवर वेलिंग्टनचा प्रचंड अश्वारूढ पुतळा चढवला. कोपनहेगन जिवंत नव्हता, म्हणून शिल्पकार वायटनं दुसराच घोडा समोर ठेवून काम उरकलं. लोकांनी त्याची खूप थट्टा केली, आणि अखेर 1885 मध्ये तो पुतळा ऑल्डरशॉटच्या छावणीत हलवला.