दोन सेन्सर बदलले, दिवा तिथंच

(डॅशबोर्ड, सकाळ, सोसायटीचं पार्किंग)

हा जो पिवळा दिवा दिसतोय ना, इंजिनच्या आकाराचा, इंजिनमध्ये काही बिनसलं की पेटणारा, त्याला आमची आत्या बदक म्हणते. तिला ते बदकच वाटतं, आणि आता एकदा सांगितलं म्हणजे तुम्हालाही दुसरं काही दिसणार नाही.

गाडी २०१७ ची, पेट्रोल, छोटी हॅचबॅक. कोथरूड ते मंडई आणि महिन्यातून एखादी वाई, एवढंच तिचं विश्व. बदक पेटलं भर पावसाळ्यात. गाडी चालत होती, मिसिंग नाही, धूर नाही, फक्त ॲव्हरेज थोडं पडलं होतं आणि आत्या पेट्रोलचा हिशोब डायरीत लिहिते म्हणून ते कळलं तरी, नाहीतर कुणाला कळतंय.

एका ठिकाणी दाखवली. त्यांनी स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन बघणारा पार्ट, गेलाय म्हणाले. असे दोन असतात. पुढचा बदलला, तिसऱ्या दिवशी बदक परत. मग मागचा बदलला. आठवडा नाही झाला, परत बदक. दोन्ही मिळून बिल पाच आकडी.

आता हा कागद नीट बघा. ग्लोव्ह बॉक्समध्ये चार घड्या घालून ठेवलेला, पहिल्या दिवशीचा स्कॅन. दोन कोड आहेत, पी-०१३५ आणि पी-०१४१. पहिला म्हणतो पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड आहे, दुसरा म्हणतो मागच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये. सर्किटमध्ये. सेन्सर खराब झालाय असं या कागदावर कुठंही लिहिलेलं नाही, पण तो वाचायला कुणी थांबलंच नाही.

(नाना पेठ, दुकानांच्या रांगा, लटकलेले क्लच प्लेट, बेल्ट, सायलेन्सर)

नाना पेठेत गाडीचा मिळणार नाही असा पार्ट शोधून दाखवा. आणि त्याच गल्ल्यांत अशी दीड गाळ्याची गॅरेजं आहेत जिथं पार्ट विकत घ्यायच्या आधी माणूस गाडीशी बोलतो. हे काका असेच. कॅमेऱ्याकडे बघायला तयार नव्हते, म्हणून त्यांचे हातच जास्त दिसतील. बरंच झालं.

काकांनी कागद वाचला, चष्मा वर केला आणि आत्याला विचारलं, "ताई, दोन्ही एकाच दिवशी गेले? घरातले दोन बल्ब एकदम गेले तर तुम्ही बल्ब आणायला जाता का?"

आत्या म्हणाली, "फ्यूज बघते."

"मग झालं तर."

फ्यूज शाबूत होता, ते आधी बघून झालं. पण वायरीकडे वळायच्या आधी काकांनी जुने सेन्सर मागितले. आत्या काहीही टाकून देत नाही, पुण्यात जन्म गेलाय, त्यामुळे दोन्ही जुने सेन्सर नव्याच्या खोक्यात घालून डिकीत होतेच. आता जे बघणार आहात त्याच्यासाठी आम्ही तीनदा कॅमेरा लावला.

(व्हाइसमध्ये पकडलेला सेन्सर, गॅसचा टॉर्च, शेजारी मल्टिमीटर)

या सेन्सरला चार वायरी आहेत. दोन पांढऱ्या म्हणजे हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी तिची अर्थ. काकांनी आधी पांढऱ्या दोन मोजल्या, ९ ओहमच्या आसपास, म्हणजे हीटर तुटलेला नाही. मग मीटर काळ्या-करड्यावर लावला आणि टोकावर सरळ ज्योत धरली. थोडा वेळ काहीच नाही. टोक लालसर व्हायला लागलं तसा आकडा हलला. ०.१... ०.३... आणि हा बघा, ०.८ व्होल्ट. ज्योत बाजूला, आकडा धाडकन खाली. परत ज्योत, परत वर. काकांचा पोऱ्या बारक्या शेजारी उभा राहून हसतोय ते उगाच नाही, कारण 'गेलेला' म्हणून काढलेला सेन्सर आहे हा.

यात जादू काही नाही. त्या टोकात झिरकोनियाची सिरॅमिक टोपी असते. आतल्या बाजूला बाहेरची साधी हवा, बाहेरच्या बाजूला इंजिनचा जळलेला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक पडला की ती टोपी व्होल्टेज देते, धुरात ऑक्सिजन नसला तर ०.९ च्या जवळ, भरपूर असला तर ०.१ च्या. काकांच्या ज्योतीने टोकाभोवतीचा ऑक्सिजन खाल्ला, म्हणून आकडा चढला. या मागचं गणित जर्मन शास्त्रज्ञ वॉल्थर नेर्न्स्टचं, १८८९ चं, म्हणजे गाड्यांचंच अजून काही खरं नव्हतं तेव्हाचं. याच नेर्न्स्टने १८९७ मध्ये सिरॅमिकच्या कांडीचा एक दिवा बनवला होता, त्याच्यात झिरकोनिया होतं आणि गंमत म्हणजे ती कांडी आधी तापवल्याशिवाय तिच्यातून वीजच जायची नाही. आपल्या सेन्सरचं दुखणं तेच. साधारण ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय तो तोंड उघडत नाही. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा पहिला असा सेन्सर बसला तेव्हा त्याला हीटर नव्हता, सायलेन्सरच्या गरम धुरावर तापायचा. हीटर नंतर, १९८२ च्या सुमाराला आला.

आणि आपल्याकडे तर तेव्हा हा सेन्सर टिकलाच नसता, पेट्रोलमधलं शिसं त्याला विषासारखं. २००० साली शिशाचं पेट्रोल देशात बंद झालं.

(टेकडीवरून कोथरूडचा शॉट)

ही ए-आर-ए-आय टेकडी. सकाळी फिरायला जाणाऱ्या निम्म्या लोकांना या चार अक्षरांचा अर्थ माहीत नसतो. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, गाड्यांच्या चाचण्या घेणारी ही संस्था, १९६६ पासूनची, आणि गाडी किती धूर सोडते याचं मोजमाप इथं होतं. आत्याची गॅलरी टेकडीकडेच आहे.

शुद्ध पेट्रोलचं गणित असं की एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. पुढचा सेन्सर दर क्षणाला इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगत राहतो, जास्त झालं, कमी झालं, जास्त झालं, आणि कॉम्प्युटर पेट्रोल तसं कमी-जास्त करतो. काकांच्या लॅपटॉपवर ही जी रेघ नाचतेय ती हीच. मागचा सेन्सर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पलीकडे असतो, त्याची रेघ शांत हवी. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकलं की हेच गणित साडेतेराच्या आसपास येतं, पण सेन्सरला इथेनॉल वगैरे काही कळत नाही, उरलेला ऑक्सिजन तेवढा कळतो, आणि तेवढं पुरतं. तो थंड असेल तर मात्र कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडतो. कर्वे रोडच्या सिग्नलला गाडी उभी, सायलेन्सर गार होतोय, हीटर बंद, मग काय होणार, अंदाजच.

मग वायर. हा भाग हळू आहे, पण सगळा ठेवलाय.

काकांनी सेन्सरच्या वायरीचा गाडीच्या बाजूचा कपलर, म्हणजे जोड, उघडला, चावी फिरवली, मीटर लावला. १२ व्होल्ट. सगळं ठीक. इथेच बहुतेक लोक फसतात, काका म्हणतात, कारण मीटर काही काम करवून घेत नाही, नुसतं विचारतो. म्हणून त्यांनी बारक्याकडून ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब मागवला आणि त्याच वायरीवर लावला. हा बघा. देवघरातल्या निरांजनासारखा पेटलाय. व्होल्ट आहेत पण करंट ओढायला गेलं की वायर मान टाकते. मागच्या सेन्सरच्या कपलरवर पण तेच, निरांजन. दोघांना १२ व्होल्ट देणारी वायर पुढे जाऊन एकच होते, म्हणजे दोष त्या एका वायरीत.

कपलरपासून मागे, टेप सोडत सोडत, इंच इंच. एअर फिल्टरचं खोकं काढलं. बॅटरी काढली. आणि बॅटरीच्या ट्रेखाली...

(इथे निवेदन नको, चार सेकंद)

भुईमुगाची टरफलं, वडापावचा कागद, दोरीचे तुकडे आणि कापूस. उंदरांचं अख्खं बिऱ्हाड. वायरीचं प्लास्टिक बोटभर कुरतडलेलं आणि आतलं तांबं हिरवंगार. कलई नसलेलं पितळेचं भांडं कळकतं ना, तसं. पावसाचं पाणी आणि उंदराचं मूत, दोन्हीचं काम. बोट लावलं तर तारा पावडरीसारख्या झडल्या, दोन-तीनच शिल्लक होत्या, त्यांच्यावरच ते १२ व्होल्ट दिसत होते.

खराब तुकडा कापला, नवीन जोडला, सोल्डर, वरून हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, त्यावर टेप. वीस मिनिटं. परत बल्ब लावला तर डोळ्यावर येतो एवढा प्रकाश.

असंच चालवत राहिलं असतं तर जास्तीचं पेट्रोल न जळताच पुढे जाऊन शेवटी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ शकतो आणि तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो. गाडीची पीयूसी मधल्या काळात पास झाली होती, नळी सायलेन्सरमध्ये घातली, कागद मिळाला, डॅशबोर्डकडे कुणी बघितलं नाही.

काकांनी पैसे घेतले ते वायरीचे नव्हेत, वायर फूटभर. तपासायचे घेतले, अडीच तासांचे. असे पैसे मागितले की लोक कुरकुर करतात म्हणे, आणि पार्ट बदलला की गपचूप देतात, त्यामुळे पोरं पार्ट बदलायलाच शिकतात. हे काका बोलले तेव्हा ते रॅम्पखाली होते, आवाज थोडा घुमतोय, पण आम्ही तो तसाच ठेवलाय.

कोड त्यांनी स्कॅनरने उडवला नाही. आत्याने विचारलं, बदक तर अजून आहे. काका म्हणाले, "असू द्या. तीन वेळा थंड गाडी सुरू करून नीट फिरवा, कॉम्प्युटर स्वतः बघेल आणि स्वतः विझवेल. मी विझवला तर तुम्हाला कळणार कसं?"

(पार्किंग, चौथ्या दिवशीची सकाळ)

चावी फिरवली की सगळे दिवे एकदा पेटतात, बदकसुद्धा, घाबरू नका. इंजिन सुरू. तेलाचा गेला. बॅटरीचा गेला. बदक... गेलं.

आत्याने डायरीत तारीख लिहिली. बॉनेट उघडून बॅटरीपाशी काकांनी उंदरांसाठी दिलेली तंबाखूची पुडी जागेवर आहे का ते पाहिलं, आहे. कॅमेरा तसाच खाली नेला तर पुढच्या चाकाशेजारी भुईमुगाची टरफलं होती, ताजी.