शॉकच्या आधी हे जॅकेट अंगावर निळं जेल का सोडतं?

नमस्कार मंडळी! मागच्या आठवड्यात इथे इंदूरला, रामबागेतल्या आमच्या काकांचा ईसीजी काढायला गेलो होतो, तिथल्या ताईंनी ट्यूब दाबून छातीवर जेल लावलं तसे काका दचकले, "अहो किती गार आहे हे!" ताई शांतपणे म्हणाल्या, "काका, कोरड्या कातडीवर मशीनला नीट दिसत नाही." आजचा व्हिडिओ त्या एका वाक्यावरच आहे, आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडले की शॉक देणाऱ्या, अंगात घालायच्या जॅकेटवर.

आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, केसापेक्षाही पातळ, पण कोरडा असला की करंटला अडवून धरतो. ईसीजीत नुसतं वाचायचं असतं, शॉकमध्ये मात्र करंट आत ढकलायचाय. मे महिन्यात कूलरचा प्लग सॉकेटमध्ये ढिला बसला की कसा चरचर करतो आणि पिन काळी पडते, बघितलंय ना? शॉक देणारं पॅड कातडीला दोन-चार ठिकाणीच टेकलं तर तसंच, सगळा करंट तिथेच गर्दी करणार, कातडी भाजणार आणि हृदयापर्यंत पोचणार कमी. जेल मधल्या फटी भरतं, केसांमधून खाली उतरतं, आणि करंट पॅडभर पसरतो.

आता ते जॅकेट, म्हणजे लाइफव्हेस्टसारखं घालायचं डिफिब्रिलेटर (शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र) घ्या, अमेरिकेत याला 2001 मध्ये मंजुरी मिळाली. हे आठवडेच्या आठवडे, रात्रंदिवस अंगात, फक्त आंघोळीला काढायचं. एवढे दिवस ओलं चिकट जेल अंगाला लावून ठेवलं तर ते वाळणार, खाज सुटणार, पुरळ येणार, आणि आपल्याकडचा उन्हाळा तर विचारूच नका! म्हणून ते कोरडंच ठेवलंय. चार कोरडे इलेक्ट्रोड ठोक्यांवर नजर ठेवतात, शॉकचे तीन पॅड वेगळे, दोन पाठीला एक पुढे, आणि जेल त्या पॅडमध्येच छोट्या कॅप्सूलमध्ये बंद.

ठोके जीवघेणे बिघडले की आधी अंगाला थरथर जाणवते, मग सायरन, मग आवाजात सूचना. पेशंट शुद्धीवर असेल तर तो दोन बटणं एकदम दाबून धरतो, शॉक थांबतो. काहीच दाबलं नाही तरच कॅप्सूल फुटतात, निळं जेल बाहेर येतं आणि लगेच शॉक, 150 जूलपर्यंत (जूल म्हणजे ऊर्जेचं माप). बिघाड पकडल्यापासून इथवर बहुतेक वेळा एक मिनिटाच्या आत.

मला यातली सगळ्यात हुशारी वाटते ती जेल शेवटपर्यंत राखून ठेवण्यात, कारण जेल एकदाच सुटतं, मग पॅड बसवलेला पट्टाच बदलावा लागतो, प्रत्येक खोट्या अलार्मला सोडत बसलं तर कसं चालेल?

घरच्यांनो, पॅडची चंदेरी जाळीची बाजू कातडीकडेच हवी, उलटी बसली तर जेल भलतीकडेच जाईल. आणि हो, बनियनवर नाही, बनियनच्या आत घालायचं, खाली क्रीम-तेल काही चोपडायचं नाही. ती बटणं पेशंटनेच दाबायची, घाबरून तुम्ही दाबलीत तर हवा असलेला शॉक अडेल. "हात लावू नका" असं मशीन म्हणालं की खरंच लांब व्हा.

आणि कधी शर्टवर निळा डाग दिसला तर नीळ सांडली समजून कपडे भिजत घालू नका, आधी डॉक्टरांना फोन.